“मॅनेज केलं”, “जुगाड केलाय”: पोरांची ही भाषा कशी सुधारावी?

अंबड_शिफ्ट_इनचार्ज: सीएनसी टर्निंगवरची (संगणकावर चालणाऱ्या लेथवरची) नवी मुलं हाताने चोख आहेत. पण पाळी बदलताना वहीत लिहितात, “मशीन ओके, ऑफसेट थोडा मारलाय, दरवाज्याच्या सेन्सरचा जुगाड केलाय.” ऑफसेट म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती; पण थोडा म्हणजे किती, कुठल्या टूलला, हे पुढच्या पाळीला कसं कळणार? विचारलं की “चालतंय की सर”. रिजेक्ट नग चांगल्यात मिसळले तरी म्हणतात “मॅनेज केलं”, आणि आपण खोटं वागलो असं त्यांना वाटतच नाही. हे शब्द बंदच करावेत का?

टूलरूमवाला: बंदी नको, मुलं वहीत लिहायचीच थांबतील. “शेरा” हा रकानाच काढा. त्याजागी टूल नंबर, अक्ष, आकडा, अधिक की उणे, वेळ आणि नंतर मोजलेले 5 नग. उदाहरणार्थ: “टी3, एक्स उणे 0.02 व्यासावर, 11.40 वाजता, पुढचे 5 नग 24.99 ते 25.00.” “व्यासावर” हा शब्द गाळू देऊ नका. बहुतेक लेथवर एक्सचा आकडा व्यासात धरतात. कोणी त्रिज्या समजून निम्मा भरला की दुरुस्ती अर्धीच होते, आणि पुढची पाळी इन्सर्टला (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याला) दोष देत बसते.

सेन्सरचं मात्र जास्त गंभीर आहे. इंटरलॉकला, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणाऱ्या सेन्सरला, वायर टाकून चकवलं तर तो जुगाड नाही, सेफ्टी बायपास आहे. बायपास लिहिलं की परवानगी कोणाची, वायर कधी काढणार, हे विचारावंच लागतं. जुगाडाची पाठ थोपटली जाते, म्हणून ती वायर महिनोन्महिने तशीच राहते आणि चक (नग पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना दार उघडतं.

व्याकरणवाली_ताई: जुनी मराठी या बाबतीत कडक होती. “त्याने पैसे खाल्ले”, “त्याने थाप मारली” यात माणूस दिसतो आणि लाजही दिसते. “मॅनेज झालं”, “सेटिंग लागली”, “जमून गेलं” यात कर्ताच गायब, जणू आपोआप घडलं. “मॅनेज केलं” म्हटलं तरी नेमकं काय केलं ते झाकलेलंच. मुलांना एवढंच सांगा: वाक्य “मी” ने सुरू करायचं आणि खरं क्रियापद वापरायचं. “मी सहा रिजेक्ट नग चांगल्या पेटीत टाकले.” हे वाक्य हाताने लिहिताना पेन अडखळतं. ते अडखळणं फार मोलाचं आहे.

निफाड_द्राक्ष: आमच्याकडे “अमक्याला टोपी घातली” म्हणतात. हसं होतं शेतकऱ्याचं, आणि पैसे बुडवणारा व्यापारी “चालू माणूस” ठरतो, म्हणजे जवळपास कौतुकच! बुडवले असतील तर “बुडवले” म्हणा. आणि “भाव जुळवून घेऊ”, “दोन दिवसांत बघू” यावर माल काढूच नका. गाडी भरण्याआधी किलोचा भाव, क्रेटचं वजन किती वजा होणार, पैसे कोणत्या तारखेला, हे कागदावर सहीनिशी घ्या.

नाशिकरोड_वाचक: “चहापाणी” हा त्यातलाच शब्द. पाहुणचारासारखा वाटतो, पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणं हाही थेट गुन्हा आहे. द्यायला भाग पाडलं असेल तर 7 दिवसांत तक्रार करावी लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064.

सगळी बोली मात्र एका काठीने हाकू नका. सुताराचा “दोन सूत” हाही बोलीतलाच शब्द, पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. तिथे कोणाचाच घोटाळा होत नाही.

अंबड_शिफ्ट_इनचार्ज: शेरा सोमवारपासून बंद करतो. बायपाससाठी वेगळी वही ठेवू का?

टूलरूमवाला: नको, वेगळी वही कोणी उघडत नाही. त्याच पानावर लाल पेनाने, परवानगी देणाऱ्याची सही, आणि वायर काढल्यावर वेळ टाकून दुसरी सही. ती दुसरी सही होईपर्यंत त्या मशीनवर प्रॉडक्शन घ्यायचं नाही.