पोळा होऊन हप्ता नाही झाला अन् डॅलसनी बैल विकला, काऊन?

तर्री_जास्त

गणपती बाप्पा मोरया मंडळी. आधीच सांगून देतो, फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा, हेल्मेटवाला, एनएफएल. मागच्या धाग्यात अर्ध्या लोकांनी मेस्सी मेस्सी करून पार वाट लावली होती.

तर शुक्रवारी, २९ ऑगस्ट २०२५ ले, सकाळी दुधाची पिशवी आणायले खाली उतरलो, एका हातात पिशवी अन् एका हातात मोबाईल, अन् पाहतो तर डॅलस काउबॉइजनी मायका पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकला. दोन मिनिट तिथेच उभा राहिलो, दूधवाला विचारते भाऊ काय झालं घरी सगळं ठीक आहे ना. आता त्याले काय सांगू. २६ वर्षांचा पोट्टा, चार सीझनमध्ये ५२.५ सॅक (समोरच्या पास फेकणाऱ्याले बॉलसकट पाडणं), आणि बदल्यात काय तर २०२६ अन् २०२७ चे फर्स्ट राउंड पिक (नवे पोट्टे पहिल्या फेरीत निवडायचा हक्क) आणि केनी क्लार्क, जो ऑक्टोबरात तिशीचा होऊन राहिला. सीझन ४ सप्टेंबरले सुरू होते. म्हणजे पेरणी तोंडावर आली अन् यायनं गोठ्यातला सगळ्यात चांगला बैल बाजारात नेला.

अन् हेच डॅलस शहर बरं का. फेब्रुवारीत तिथल्याच बास्केटबॉल टीमनं, मॅव्हरिक्सनी, लुका डॉन्चिचला अर्ध्या रात्री लेकर्सला दिला होता, फायनल खेळून वर्षही नव्हतं झालं. सात महिन्यात एकाच गावानं दोन्ही खेळातला आपला सगळ्यात मोठा प्लेअर घालवला, पाण्यात काही आहे का तिथल्या?

विचारायचं हे आहे की ऑफसीझनमध्ये असा एखादा प्लेअर घेतल्यानं खरंच टायटल येते का, का नुसता जर्सी विकायचा धंदा आहे. आणि यंदा एनबीएमध्ये, म्हणजे बास्केटबॉलमध्ये, आत्ताच्या चॅम्पियन ओक्लाहोमाच्या थंडरला कोणी अडवू शकते का. माझी साळ्यासोबत शर्त लागली आहे, तो अमरावतीचा आहे आणि म्हणते थंडर परत नाही जिंकत. हरला त्यानं महिनाभर दर रविवारी तर्री पोहा द्यायचा, त्यामुळे विचार करून सांगा.

ग्रीन_बे_काऊन_बे

हाव नं, आता कसं वाटून राहिलं! आमच्या टीमच्या नावातच "बे" आहे, त्याच्याहून नागपुरी टीम जगात नाही. लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, आणि टीमचा कोणी एक शेठ मालक नाही, साध्या लोकांकडे शेअर आहेत. म्हणून कोणी एक म्हातारा उठून बैल विकू शकत नाही, बस एवढंच सांगायचं होतं.

२०१० च्या सीझननंतर आमच्याकडे टायटल नाही ते मान्य. पण डॅलसकडे १९९५ च्या सीझनपासून नाही, तेव्हा मी केजीत होतो.

२८ सप्टेंबरले आमची मॅच डॅलसमध्येच आहे, आपल्याकडे सोमवारी सकाळी ५.५०. पार्सन्स जुन्या गावात. मी ऑफिसले त्या दिवशी "पोटात दुखून राहिलं" आत्ताच सांगून ठेवलं.

मिहान_नाईटशिफ्ट

बैल विकला म्हणण्यापेक्षा मला वाटते सोनं घ्यायला उशीर केला असं म्हणा. सांगतो.

मार्च महिन्यात क्लीव्हलँडनी माइल्स गॅरेटला वर्षाला ४ कोटी डॉलरच्या रेटनी बांधून घेतलं. जुलैत पिट्सबर्गनी टी.जे. वॉटला ४ कोटी १० लाखावर नेलं. आणि ऑगस्टच्या शेवटी पॅकर्सनी पार्सन्सला दिले चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख, म्हणजे वर्षाला ४ कोटी ७० लाख, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) सोडून तोपर्यंत कोणालाच एवढा भाव भेटला नव्हता. आता घरात लग्न आहे हे तीन वर्षांपासून माहीत आहे आणि तुम्ही इतवारीच्या सराफ्यात हळदीच्या दिवशी जाता, तर भाव काय तुमच्यासाठी थांबणार आहे का? डॅलसच्या जेरी जोन्सची ही सवयच आहे, मालकही तोच आणि जनरल मॅनेजरही तोच, मागच्या वर्षी त्यांच्या क्वार्टरबॅकचं, डॅक प्रेस्कॉटचं, वर्षाला ६ कोटीचं काँट्रॅक्ट सीझनच्या पहिल्या मॅचच्या दिवशीच साइन झालं होतं. यावेळी तो म्हणते मार्चमध्ये पार्सन्ससोबत बसून माझं बोलणं पक्कं झालं होतं, आणि पार्सन्सची बाजू म्हणते एजंटला बाजूला ठेवून कायचं पक्कं. पोट्ट्यानं १ ऑगस्टले सरळ जाहीर लिहून टाकलं मला जाऊ द्या. त्याच्यानंतर घरचे भांडण चौकात आलं म्हणा.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. एनएफएलमध्ये एका ऑफसीझननी टायटल येते, आलंच आहे. ईगल्सनी २०२४ च्या मार्चमध्ये सेक्वॉन बार्कलीला घेतला, जायंट्सनी सोडून दिला होता, तीन वर्षांचे पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास. पोरगा २००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारीत फायनलमध्ये चीफ्सना ४०-२२ नी हाणलं. पण माझा आवडता सौदा तो नाही. त्याच ऑफसीझनमध्ये ईगल्सनी झॅक बॉन नावाचा एक लाइनबॅकर (बचावातला प्लेअर) उचलला, एक वर्षाचे ३५ लाख डॉलर, कोणी बातमीही धड वाचली नसेल, तो ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम प्लेअरांच्या यादीत) झाला आणि फायनलमध्ये त्यानं चीफ्सच्या क्वार्टरबॅकचा, महोम्सचा, पास पकडला. पेपरात फोटो बार्कलीचा आला पण सौदा बॉनचा होता.

आणि तिथे हे जमते कारण कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) कडक आहे, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर, त्याच्यावर जाताच येत नाही (बोनस पुढच्या वर्षांवर ढकलायच्या पळवाटा आहेत, पण कधी ना कधी हिशोब येतोच). शिवाय काँट्रॅक्टचा पूर्ण पैसा गॅरंटीड नसते, नाही जमलं तर काढून टाकतात. एनबीएत तसं नाही, तिथे एकदा सही केली की नवरा बायकोसारखं. मिलवॉकी बक्सनी डेमियन लिलार्डला काढलं तर त्याचे उरलेले ११ कोटीच्या वरचे पैसे पाच वर्षांवर पसरवले, म्हणजे तो पोर्टलँडकडे परत जाऊन बसला आणि मिलवॉकी पाच वर्षं दरसाल सव्वादोन कोटी भरून राहिलं, न खेळणाऱ्या माणसाचे.

शिफ्ट सुरू होते, बाकीचं कोणी सांगा.

सावजी_स्पाईस

भाऊ क्रिकेट सोडून तुम्ही लोकं कुठं जाऊन राहिले

तर्री_जास्त

@सावजी पहाटे उठून हेच एक चांगलं पाहायला भेटते, बायको पण उठत नाही तेव्हा.

जुना_सेंटर

मी शिवाजीनगरच्या कोर्टवर सेंटर खेळायचो, तेव्हा सेंटर म्हणजे फक्त उंच, आता पोटानंच पुढे आहे. बास्केटबॉलचं मी बोलतो.

डॅलसवर हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. लुकाला दिला, सगळे शिव्या देत होते, मी पण दिल्या, आणि मग मे महिन्यात नवे प्लेअर कोणी आधी निवडायचे त्या लॉटरीत फक्त १.८ टक्के चान्स असताना पहिला नंबर त्यांचाच निघाला आणि कूपर फ्लॅग मिळाला. नशीब असं असतं. लुकाच्या बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस फिट राहिला तर (हा "तर" फार मोठा आहे) ती टीम वाईट नाही. पण ह्याला शहाणपण म्हणू नका, बैल विकून आलेल्या पैशाचं लॉटरीचं तिकीट घेतलं आणि लागलं.

आता थंडर. २३ जूनला सकाळी साडेपाचला थंडर-पेसर्स फायनलचा गेम सेव्हन, म्हणजे शेवटचा, होता, आमच्याकडे लाईट गेलेली, गच्चीवर जाऊन मोबाईलवर बघत होतो, अंगावर आदल्या रात्रीच्या पावसाचा ओलावा. पेसर्सच्या हॅलिबर्टननं पहिल्या क्वार्टरमध्येच तीन थ्री मारले, मला वाटलं पेसर्स आज घेऊन जातात. मग तो एक पाऊल टाकायला गेला आणि खाली पडला, आणि हातानं फ्लोअरवर थापा मारायला लागला. मी तिथंच म्हणालो, गेली. टाचेच्या मागची शीर, अकिलीस म्हणतात ती. कारण माझी स्वतःची गेली आहे, चाळिशीत पोरांसोबत खेळताना. तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं की लाथ कोणी मारली, आणि मागं कोणीच नव्हतं. पाय असा लुळा, चप्पल घातल्यासारखा फटफट वाजतो. पायऱ्या धड उतरायला मला सात महिने लागले, आणि मला काय कोणाला डंक मारायचा नव्हता.

हे एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे यंदाचा ईस्ट (एनबीएच्या पूर्वेकडच्या टीम) ह्याच शिरेनं उघडा पडलाय. लिलार्ड एप्रिलमध्ये, बॉस्टनचा टेटम मे मध्ये, हॅलिबर्टन जूनमध्ये, तीन महिन्यात तिघं. २०२४ ची चॅम्पियन बॉस्टन तर सेकंड एप्रनच्या भीतीनं हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांनाही विकून बसली. सेकंड एप्रन म्हणजे पगाराची अशी रेघ, २०२५-२६ ला २० कोटी ७८ लाख डॉलर, की तिच्यावर गेलात तर नुसता दंड नाही, दोन प्लेअरचे पगार एकत्र करून एक मोठा आणता येत नाही, पुढचे पिक गोठतात. पैसेवाल्याचे पैसे आहेत पण दुकानदारच विकत नाही असं समजा. त्यामुळे तिकडे निक्स आणि कॅव्हलियर्स, आणि ओरलँडोनी चार फर्स्ट राउंड पिक देऊन डेस्मंड बेन आणला म्हणून मॅजिक. निक्सनी २००० नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनल गाठली आणि कोच थिबोडोला काढून टाकलं, १९७३ पासून उपाशी आहेत, उपाशी माणूस असाच वागतो.

वेस्टमध्ये ह्यूस्टन. ५२ मॅच जिंकलेल्या टीमनं जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स आणि काही पिक देऊन ड्युरंट घेतला. मला हा सौदा आवडला, फक्त ड्युरंट सप्टेंबरअखेर ३७ चा होतोय आणि त्याची पण शीर २०१९ ला गेलेली. डेन्व्हरकडे योकिच आहे, थंडरला ह्याच वर्षी दुसऱ्या राउंडमध्ये सात मॅचपर्यंत त्यांनीच ओढलं होतं, आणि आता कॅम जॉन्सन आलाय. साळ्याला सांगा, अडवलं तर डेन्व्हर अडवेल.

ग्रीन_बे_काऊन_बे

काकाजी मस्त लिहिता तुम्ही. पण एक सांगा, थंडरनी तर काही मोठं घेतलंच नाही ना यंदा?

जुना_सेंटर

तेच तर. त्यांची खरेदी २०१९ मध्येच झाली. आणि गंमत बघ, सुरुवात टोरंटोपासून होते. रॅप्टर्सनी २०१८ ला डिरोझनसारखा घरचा पोरगा देऊन कवाय लेनर्ड आणला, एक वर्षासाठी, टायटल जिंकलं, आणि तो निघून गेला क्लिपर्सकडे. तर्री_जास्त, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच, येतं टायटल. पण कवायला सोबत पॉल जॉर्ज पाहिजे होता. तो ओक्लाहोमाकडे. क्लिपर्स अडले, म्हणून ओक्लाहोमानं मागेल ते मिळवलं, पाच फर्स्ट राउंड पिक, गॅलिनारी, आणि एक बारीक अंगाचा पोरगा, शे गिलजस-अलेक्झांडर. त्यातल्याच एका पिकमधून २०२२ ला जेलन विल्यम्स आला. मधली दोन वर्षं त्यांनी २२ आणि २४ मॅच जिंकल्या फक्त, लोक हसले. गेल्या सीझनला ६८.

मिहान_नाईटशिफ्ट

ब्रेकवर आलो. काकाजींच्या सगळ्याला हो, एकच नाही. थंडरला डेन्व्हर नाही अडवणार, त्यांचाच हिशोब अडवेल, पण यंदा नाही. शेचं चार वर्षांचं २८ कोटी ५० लाखाचं, विल्यम्स आणि होल्मग्रेनचं पाच पाच वर्षांचं, हे सगळे मोठे आकडे पुढच्या आणि त्याच्या पुढच्या सीझनपासून लागतात. तेव्हा हार्टेनस्टाइन, डॉर्ट यांच्यापैकी कोणालातरी सोडावं लागेल. यंदा ही गाडी जुन्या भाड्यात चालून राहिली, सगळे सीट भरून. म्हणून शर्त यंदाची असेल तर डोळे मिटून थंडर.

फक्त एवढंच की २०१९ पासून सात वर्षांत सात वेगवेगळे चॅम्पियन झाले, रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर. परत कोणालाच नाही जमलं. साळा अगदीच वेडा नाही आहे.

तर्री_जास्त

झालं, म्हणजे माझं पोट दुखवून ठेवलं. हा सातवाला हिशोब त्यानंच मला सांगितला होता पण मी ऐकलं नाही, अमरावतीचा आहे म्हणून.

अन् जेरी जोन्सचं काय, पुढच्या मारबतीले एक बडग्या (पुतळा) बनवू का हॅट घालून? "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत", डॅलसचे फॅन वर्गणी देतील.

ग्रीन_बे_काऊन_बे

नको बे, राहू दे त्याला तिथंच. आम्हाला अजून कोणी लागलं तर?

जुना_सेंटर

पहिली मॅच शुक्रवारी पहाटे ५.५० ला आहे, काउबॉइज विरुद्ध ईगल्स. माझ्याकडे मोठा टीव्ही आहे आणि आता इन्व्हर्टर पण घेतलाय. पोहे कोणी आणत असेल तर या, तर्री वेगळ्या डब्यात आणा, मागच्या वेळी सोफ्यावर सांडली होती.