‘रिमफायर कन्व्हर्जन किट’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

नमस्कार. माझा भाचा टेक्ससमध्ये असतो आणि सुटीच्या दिवशी तिकडच्या नेमबाजीच्या मैदानावर जातो. त्याच्याकडे एआर-१५ जातीची रायफल आहे. तिच्यातून ०.२२ ची (हा गोळीचा इंचांतला ढोबळ व्यास) स्वस्त काडतुसे झाडता यावीत म्हणून बाजारात जो संच मिळतो, तो कसा निवडावा यावर त्याने तिथल्या मराठी मित्रांसाठी एक टिपण लिहिले असून ते तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातले पहिलेच वाक्य असे आहे: ‘अर्धस्वयंचलित रायफलसाठी काठाग्नी रूपांतर संच निवडताना प्रथम नळीचा व्यास पाहावा.’ ‘काठाग्नी’ हा शब्द त्याने स्वतः घडवला आहे. मला तो वाचवत नाही, पण त्याच्या जागी काय लिहावे हेही सुचत नाही. ‘रिमफायर’ तसाच ठेवावा का, आणि ‘रूपांतर संच’ बरोबर आहे का? जाणकारांनी ही वस्तू नेमकी काय आहे तेही सांगितले, तर शब्द ठरवणे सोपे जाईल.

पहिला प्रतिसाद

आधी वस्तू पाहू. रायफलच्या कोणत्याही आधुनिक काडतुसात पुंगळी (बहुधा पितळी), तिच्यातली दारू, तोंडाशी बसवलेली गोळी आणि दारूला पेटवणारे, ठोका बसताच भडकणारे मिश्रण अशा चार गोष्टी असतात. सगळा भेद या चौथ्या गोष्टीच्या जागेवरून पडतो. सेंटरफायर काडतुसात ते मिश्रण एका स्वतंत्र छोट्या टोपीत भरून ती टोपी पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी बसवलेली असते. रिमफायर काडतुसाला वेगळी टोपी नसते. पुंगळीचे बूड बाहेर दुमडून जी कड तयार होते ती आतून पोकळ असते. ओले मिश्रण पुंगळीत टाकून पुंगळी गरगर फिरवली, की ते त्या कडेच्या पोकळीत जाऊन बसते व तिथेच वाळते. पुढे रायफलची पिन या कडेवर आपटते, पितळ चेपते आणि बार उडतो.

कड चेपली जावी म्हणून तिथले पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाब फार वाढवता येत नाही. त्यामुळेच आज वापरात असलेली रिमफायर काडतुसे लहान व सौम्य आहेत. चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरची टोपी मात्र काढून नवी बसवता येते, त्यामुळे तिथे पुंगळ्या वेचून ठेवणारे लोक भेटतात.

ही रचना जुनी आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास अशी छोटी काडतुसे बनवली; अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांचे ०.२२ शॉर्ट १८५७ मध्ये आले. त्याच वर्षी आपल्याकडे ज्या काडतुसांवरून उठावाचा भडका उडाला ती कागदी होती आणि दातांनी फाडावी लागत. मराठीने मात्र कागदी आणि पितळी दोन्हींना ‘काडतूस’ हा एकच शब्द निभावून नेला. भाच्याला हवे असलेले काडतूस ०.२२ लाँग रायफल हे असणार. ते १८८७ चे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेत्या ठरल्या त्या ५० मीटर प्रोन प्रकारात आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले त्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात याच जातीचे काडतूस वापरतात. म्हणजे ‘रिमफायर’ हा शब्द मराठी बातम्यांत क्वचितच येत असला, तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे.

आता शब्द. ‘काठाग्नी’ चुकतो तो ‘अग्नी’मध्ये. इथल्या ‘फायर’चा अर्थ आग नाही, बार उडणे, बंदूक झाडणे असा आहे. काठाला आग लागते असे वाचकाला वाटले, तर तो शब्द नसलेलाच बरा. ‘रिम’ मात्र सायकलच्या चाकामुळे खेड्यापाड्यांतही पोचलेली आहे. माझे मत ‘रिमफायर’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला एक खुलासा जोडावा असे आहे: ‘ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून बार उडतो ते काडतूस’.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, तरी एका जुन्या शब्दाची नोंद इथे व्हावी असे वाटते. तोड्याच्या बंदुकीत आणि तोफेत मुख्य दारू पेटवण्यासाठी कान्यात, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रात, जी बारीक दारू घालत, तिला मराठीत ‘रंजक’ म्हणत. काडतुसाच्या कडेतले मिश्रण हे कामाने रंजकच आहे. त्या हिशेबाने ‘काठरंजकी काडतूस’ आणि ‘मध्यरंजकी काडतूस’ असे दोन शब्द घडवता येतात, आणि ते ‘काठाग्नी’पेक्षा अर्थाने कितीतरी नेमके आहेत.

अडचण एवढीच, की आजचा वाचक ‘रंजक’ म्हणजे मनोरंजक असे वाचणार. ‘काठरंजकी काडतुसे’ हे शब्द वाचून कोणाला एखादा दिवाळी अंक आठवला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून मी तो शब्द सुचवत नाही. मात्र खुलाशात त्या मिश्रणाला नाव द्यायचे असेल, तर ‘प्रायमर’ लिहून गप्प बसण्यापेक्षा ‘ठोक्याने पेटणारी दारू’ किंवा, सेंटरफायरच्या बाबतीत, ‘टोपीतली दारू’ असे लिहावे. कोकणात ठासणीच्या बंदुका पाहिलेल्या लोकांना टोपी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रतिसाद

‘रिमफायर’वर चर्चा पुष्कळ झाली, परंतु त्या वाक्यातला खरा धोकादायक शब्द ‘रूपांतर’ हा आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

‘अर्धस्वयंचलित रायफलसाठी रूपांतर संच’ हे शब्द सामान्य वाचकापुढे ठेवले, तर तो पहिल्याप्रथम असेच समजेल की, अर्धस्वयंचलित रायफल पूर्ण स्वयंचलित करणारा हा संच आहे. अर्धस्वयंचलित शस्त्रात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप आत येते. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. स्वयंचलित शस्त्र चाप दाबून धरला आहे तोवर किंवा काडतुसे संपेपर्यंत चालूच राहते. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात निषिद्ध शस्त्राची व्याख्या नेमकी याच कसोटीवर केलेली आहे, आणि अमेरिकेतही असे रूपांतर करणारा सुटा भागच १९३४ च्या कायद्याखालील व्यवस्थेत ‘मशीनगन’ धरला जातो. म्हणजे एका संदिग्ध शब्दामुळे एका निरुपद्रवी सरावसाधनाचे टिपण गंभीर गुन्ह्याच्या मार्गदर्शिकेसारखे वाचले जाईल. आपली वृत्तपत्रे दोन्ही जातींना सरसकट ‘स्वयंचलित रायफल’ म्हणून मोकळी होतात, त्यामुळे हा गोंधळ आधीपासूनच शिजलेला आहे.

या संचाने रायफलची जात बदलत नाही. ती आधी अर्धस्वयंचलित होती, नंतरही तशीच राहते. बदलते ते काडतूस. मग शब्दाने तेच सांगावे: ‘काडतूसबदल संच’. अमेरिकी लष्कराने आपल्या एम-१६ रायफलवर सरावासाठी एम-२६१ नावाचा असाच संच वापरला होता, आणि नेहमीच्या मॅगझिनच्या (काडतुसे भरण्याच्या पेटीच्या) पोटात बसणारी दहा काडतुसांची एक वेगळी छोटी पेटी त्याच्यासोबत असे. रायफल तीच, वजन तेच, पकड तीच आणि सरावाचा खर्च मात्र कमी, हा त्यामागचा हिशेब होता.

भारतातल्या वाचकांसाठी टिपणात एक वाक्य घालावेच. शस्त्रात फेरफार करणे हा आपल्याकडे परवान्याचा विषय आहे, आणि आपल्या नियमांतही ०.२२ बोअरच्या कमी वेगाच्या रिमफायर रायफली वेगळ्या काढलेल्या आहेत. तिकडचे टिपण इकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

विचारणाऱ्याचा प्रतिप्रश्न

‘काडतूसबदल संच’ मनापासून आवडला; ‘रूपांतर’ काढून टाकले. आता निवडीच्या भागातल्या शब्दांविषयी विचारते. भाच्याने लिहिले आहे: ‘नळीचा वळण दर तपासावा, फटका-मागे पद्धतीचा बोल्ट घ्यावा आणि प्रत्येक संचाला कोणता दारूगोळा आवडतो ते पाहावे.’ यातले ‘वळण दर’ मला रस्त्याच्या बांधकामातले वाटते, आणि ‘फटका-मागे’ तर मुळीच कळत नाही. शिवाय हे संच एआर-१५ लाच इतके सहज का बसतात?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे शब्द त्यातूनच निघतात. एआर-१५ सामान्यतः ज्या ०.२२३ रेमिंग्टन किंवा ५.५६ मिमी काडतुसासाठी बनलेली असते, त्याच्या गोळीचा व्यास आणि ०.२२ लाँग रायफलच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे ५.७ मिमीच्या आसपास आहे. म्हणून नळी बदलण्याची गरज पडत नाही. ०.३०८ च्या रायफलला ही सोय नाही, कारण तिच्या नळीत ०.२२ ची गोळी सैल पडेल. लांबीत मात्र मोठी तफावत आहे: एक काडतूस सुमारे ५७ मिमी, दुसरे सुमारे २५ मिमी. ही तफावत भरून काढण्यासाठी संचाच्या पुढच्या टोकाला मोठ्या पुंगळीच्या आकाराची एक पोलादी नळकांडी असते. ती रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, जाऊन बसते आणि लहान काडतूस तिच्या आत बसते. भाच्याच्या ‘व्यास पाहावा’ या वाक्यात म्हणून तथ्य आहे, पण ‘रायफल मुळात कोणत्या काडतुसाची आहे ते पाहावे’ असे लिहिले तर ते वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल.

‘वळण दर’ऐवजी ‘पीळ’ लिहावे. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात व त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते. ०.२२ साठी बनवलेल्या नळीत साधारणपणे १६ इंचांत एक पूर्ण पीळ असतो. एआर-१५ च्या नळ्यांत तो बहुधा ७ ते ९ इंचांतच पुरा होतो. मऊ शिशाच्या हलक्या गोळीला हा घट्ट पीळ फारसा मानवत नाही, आणि नेमातली अचूकता थोडी घटते. ज्याला डबे पाडायचे आहेत त्याला याचे काही वाटणार नाही. ज्याला ५० मीटरवर गोळ्या एकाच छिद्रात घालायच्या आहेत, त्याने हा संच न घेता ०.२२ साठीच बनवलेल्या नळीचा संपूर्ण वरचा भाग घ्यावा. खर्च जास्त आहे, पण नेम हवा असेल तर माझ्या मते तोच मार्ग योग्य.

‘फटका-मागे’ ही ‘ब्लोबॅक’ची शब्दशः फोड आहे. मूळ रायफल नळीतून थोडा वायू मागे आणून आपली यंत्रणा चालवते. हलक्या ०.२२ च्या वायूवर ती चालत नाही, म्हणून संचात स्वतःचा बोल्ट (काडतुसाला मागून आधार देणारा सरकता भाग) आणि स्वतःची स्प्रिंग असते. बार उडाला की पुंगळीच मागे ढकलली जाते, ती बोल्टला ढकलते आणि स्प्रिंग त्याला परत आणते. मूळ रायफलच्या दस्त्यातली स्प्रिंग या काळात जागची हलत नाही. मराठीत ‘पुंगळीच्या धक्क्यावर चालणारा बोल्ट’ असे सरळ लिहावे. मात्र खाली ‘बोल्ट म्हणजे नटाबरोबरचा नव्हे’ असा खुलासा हवा. एनसीसीत पॉइंट टू टू चालवलेल्यांनाच तो लागणार नाही.

‘दारूगोळा आवडतो’ हे चालणार नाही. काडतूस रायफलला ‘मानवते’ किंवा ‘मानवत नाही’ असे आपण म्हणतो. अशा संचांना बहुधा ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), तांब्याचा मुलामा दिलेल्या, जलद वेगाच्या गोळ्या मानवतात, कारण मंद काडतुसाचा धक्का बोल्ट पूर्ण मागे नेण्यास अपुरा पडतो. उघड्या शिशाच्या गोळ्यांमुळे नळीतल्या वायूच्या बारीक छिद्रात शिसे व मेण साचते. हे टिपणात नसल्यास अवश्य घालावे. आणखी एक म्हणजे, शेवटचे काडतूस संपल्यावर बोल्ट उघडा राहतो की नाही हे संचागणिक वेगळे असते. ज्याला मूळ रायफलची सवय आहे तो बंद बोल्ट पाहून अजून काडतूस आत आहे असे समजेल, किंवा उलट, बोल्ट उघडा राहील या भरवशावर राहील. रायफल रिकामी आहे हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहूनच ठरवावे.

विचारणाऱ्याचा सुधारित मजकूर

सर्वांचे आभार. आता परिच्छेद असा झाला आहे, कृपया पाहावा: ‘अर्धस्वयंचलित रायफलसाठी रिमफायर काडतूसबदल संच निवडताना, आपली रायफल मुळात कोणत्या काडतुसाची आहे आणि तिच्या नळीचा पीळ किती आहे, हे प्रथम पाहावे. रिमफायर म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून बार उडतो ते काडतूस. या संचाने रायफल स्वयंचलित होत नाही. पूर्वीप्रमाणेच दर गोळीसाठी घोडा नव्याने ओढावा लागतो. संच बसवल्यावर नेम पुन्हा जुळवून घ्यावा, कारण हलकी व मंद गोळी मूळ गोळीच्या जागी लागत नाही. सरावाच्या अखेरीस नळी व वायूचे छिद्र साफ करावे.’

तिसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

मजकूर उत्तम झाला आहे. ‘घोडा ओढावा लागतो’ एवढे बदलावे. बोटाने ओढतात तो चाप. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर पिनेवर जाऊन आदळतो तो भाग, आणि एआर-१५ मध्ये तो आत दडलेला असल्यामुळे दिसतही नाही. शिवाय मुंबईच्या गुन्हेवार्तांनी ‘घोडा’ हा शब्द आख्ख्या पिस्तुलालाच देऊन टाकलेला आहे, तेव्हा ‘दर गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो’ असे लिहावे.