एचओ लोकलचा मोटर कोच: डिझेलची चेसिस लांबवायची की फ्लोअर नवा बनवायचा?

ऐरोली_लूपलाइन

नमस्कार मंडळी. जुन्या डीसी लोकलच्या मोटर कोचचं (मोटर असलेल्या डब्याचं) मॉडेल एचओ स्केलमध्ये (१:८७) करायला घेतलंय. बॉडी रेझिन प्रिंटचं किट आहे: लांबी २३८ मिमी, रुंदी ४२ मिमी, भिंतीची जाडी १.५ मिमी. किटवर दोन बोग्यांच्या पिव्हटमधलं (बोगी ज्या बिंदूवर फिरते त्या दोन बिंदूंमधलं) अंतर १६८ मिमी दिलंय.

चालवण्यासाठी एका जुन्या अमेरिकन चार अ‍ॅक्सलच्या डिझेलची चेसिस आहे. मोटर मधोमध, दोन्ही बाजूंना शाफ्ट, दोन्ही बोग्या चालतात. पण तिच्या पिव्हटमधलं अंतर फक्त १०९ मिमी आहे, म्हणजे फ्रेम ५९ मिमी लांबवावी लागेल. मागे दोन ट्रेलर (बिनमोटरचे) डबे ओढायचे आहेत, एका बाजूला २ टक्के चढ आहे.

ट्रॅक: आर२ (त्रिज्या ४२२ मिमी) आणि आर३ (त्रिज्या ४८४ मिमी) असे दोन समांतर लूप, मध्ये ६२ मिमी अंतर. फलाट वळणाच्या तोंडाशी येतोय. पुढेमागे डीसीसी डिकोडर (रुळांतून डिजिटल हुकूम घेऊन मोटर आणि दिवे चालवणारं सर्किट) घालायचाय. फ्रेम कापावी का? आणि दोन लोकल वळणावर शेजारून जातील का?

कळवा_यार्ड

फ्रेम कापू नका. मधून कापून पट्टी जोडलेली फ्रेम अर्धा मिमी जरी वाकडी बसली तरी एका बोगीचं एक चाक हवेत राहतं, आणि दोन्ही शाफ्ट लांबवल्यामुळे त्यांचा हेलकावा वाढतो. वर मोटर मधोमध राहिली तर उघड्या दरवाजांतून ती सरळ दिसणार. लोकलचं रूपच उघड्या दरवाजांचं आहे.

मोटर कोचमध्ये कॅबच्या मागे एचटी (हाय टेन्शन, म्हणजे विजेच्या यंत्रणेचं) कंपार्टमेंट असतं. तिथे खिडक्या नाहीत, जाळ्या आणि झडपा आहेत. मॉडेलची मोटर लपवायला जागा तीच. त्यामुळे फक्त कॅबकडची बोगी चालवा, मोटर त्या कंपार्टमेंटमध्ये ठेवा, मागची बोगी मोकळी फिरू द्या आणि तिच्यावरून फक्त करंट घ्या.

बोगी जुळते का ते आधी पाहू. या जातीच्या अमेरिकन बोगीत दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ९ फूट, म्हणजे एचओमध्ये ३१.५ मिमी. आपल्या बोगीचं २८९६ मिमी, म्हणजे ३३.३. पावणेदोन मिमीचा फरक साइडफ्रेम (बोगीच्या बाजूच्या दिखाऊ पट्ट्या) चिकटवल्यावर कळत नाही. चाक ४० इंची, म्हणजे ११.७ मिमी, लोकलचं नवं चाक ९५२ मिमी, म्हणजे १०.९. डबा ०.४ मिमी उंच बसेल, तेवढा पिव्हटच्या वॉशरमधून काढता येतो.

फ्लोअर ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचा करा, २३२ × ३८ मिमी. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंग होतं, ठाण्यात स्टेशन परिसरात शोधलं तर मिळेल. फाइलमध्ये पिव्हटची भोकं, बॉडीच्या एम२ स्क्रूची भोकं आणि गिअर टॉवरची (बोगीवरच्या गिअरच्या उभ्या पेटीची) खिडकी सगळं एकदमच काढा. स्क्रूचं भोक कडेपासून ४ मिमीच्या आत नको, तडा जातो. आणि लेझरने कापलेली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका. कापताना त्या कडेत ताण साठलेला असतो, अल्कोहोल लागलं की बारीक केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी पुरे.

टॉवरची खिडकी किती मोठी? आर२ वर बोगी डब्याच्या तुलनेत साडेअकरा अंश वळते. टॉवर ३० मिमी लांब, १२ मिमी रुंद असेल तर दोन्ही बाजूंना सुमारे ३ मिमी सरकेल. खिडकी २० मिमी रुंद ठेवा. तुमचा टॉवर मोजून मगच फाइल पाठवा.

आता पिव्हट. इथेच बहुतेक चेसिस फसतात. एक बोगी फक्त पुढे-मागे झुलली पाहिजे, दुसरी सगळीकडे. चालत्या बोगीच्या वर, फ्लोअरखाली, दोन बाजूंना ०.५ मिमीच्या स्टायरीनच्या पट्ट्या लावून डावी-उजवी झुल बंद करा. मागच्या बोगीला मधोमध एकच गोल वॉशर. दोन्ही घट्ट ठेवल्या तर रुळाच्या पहिल्याच खाचखळग्यावर चाक उचलतं, दोन्ही सैल ठेवल्या तर डबा होडीसारखा डुलतो.

मोटर फ्लोअरला सिलिकॉनने चिकटवा, आवाज खूप कमी होतो. पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांब्याला गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर मागून घ्या. मोटरचा शाफ्ट आणि वर्मचा (टॉवरमधल्या मळसूत्री गिअरचा) शाफ्ट एका उंचीवर आणा, युनिव्हर्सल जॉइंटला लांबीत १ ते १.५ मिमी मोकळीक द्या. ती नसली तर बोगी वळली की जॉइंट वर्मला ढकलतो, आणि गाडी डाव्या वळणावर ठीक, उजव्या वळणावर जड चालते.

चेंदणी_सिग्नल

एवढं करण्यापेक्षा १२ व्होल्टची एन२० गिअर मोटर का नको? लॅमिंग्टन रोडला शेकड्याने मिळतात.

कळवा_यार्ड

ट्रॉलीला किंवा रूळ साफ करणाऱ्या वॅगनला एन२० चालेल. लोकलला दोन कारणांनी घेऊ नये. सरळ दातांच्या चार-पाच गिअरचा किरकिर आवाज अ‍ॅक्रिलिकच्या फ्लोअरवर ढोलकीसारखा घुमतो. आणि फ्लायव्हील नसल्यामुळे पॉइंटच्या (रूळ बदलण्याच्या जागेच्या) प्लॅस्टिक फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, करंट क्षणभर तुटला की गाडी जागीच झटका खाते.

सानपाडा_साइडिंग

वळणाचा हिशेब करूनच टाकू, कारण ४२ मिमी रुंदी हा आपल्या लोकलचा खास प्रश्न आहे. खरी लोकल १२ फूट रुंद. आर२, आर३ ही मापं अरुंद युरोपियन डब्यांसाठी आहेत.

डब्याचा मध्य वळणाच्या आत किती सरकतो ते काढायला पिव्हटमधल्या अंतराच्या निम्म्याचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या दुपटीने भागा. ८४ × ८४ भागिले ८४४, म्हणजे ८.४ मिमी. डब्याचं टोक बाहेर किती जातं ते असं: डब्याच्या निम्म्या लांबीचा वर्ग, ११९ × ११९ भागिले ८४४ म्हणजे १६.८, त्यातून ८.४ वजा, उरले ८.४. अर्धी रुंदी २१ मिळवली की आर२ वर डब्याची कड ट्रॅकच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे २९.४ मिमीवर.

आर३ वर आतली कड २८.३ मिमी. दोन लोकल शेजारून जाताना २९.४ अधिक २८.३, म्हणजे ५७.७. ट्रॅकमधलं अंतर ६२ आहे, उरतात चार मिमी. जातील, पण ट्रॅक नीट गोल हवा. एखादा सांधा कोनात बसला असेल तर हेच चार मिमी तिथे खर्ची पडतात. फ्लेक्स ट्रॅक (हाताने वाकवता येणारा) ५० मिमी अंतरावर टाकणाऱ्यांनी मात्र या रुंदीच्या डब्यांच्या जोडलाइनचा वळणावर विचारच करू नये.

फलाटाची कड सरळ भागात मध्यरेषेपासून २३ मिमी चालेल. वळणावर किमान ३१. आणि लक्षात ठेवा, डब्याचा पुढचा भाग वळणात शिरला की मागचा सरळ ट्रॅकवर असतानाच टोक बाहेर जायला लागतं. म्हणून फलाट संपल्यावर वळण सुरू होण्याआधी एक डबाभर, म्हणजे २४० मिमी, सरळ ट्रॅक ठेवा. तेवढी जागा नसेल तर फलाट आखूड करा. ट्रॅक ठोकण्यापूर्वी २३८ × ४२ चा पुठ्ठा कापून, १६८ मिमीवर दोन बोग्या टोचून, कडेला पेन्सिल धरून संपूर्ण लूप फिरवा. पेन्सिलीच्या रेषेच्या आत काहीही बांधायचं नाही.

डब्यांमधली फटसुद्धा मोजावी लागेल. कपलर बॉडीला असेल तर आर२ वर आतले कोपरे एकमेकांना टेकू नयेत म्हणून १२ ते १३ मिमी फट लागते. ६१० मिमी त्रिज्येवर ८ ते ९ मिमीत भागतं. तुमच्या जागेत आर२ सोडवत नसेल तर वळणावर फट वाढवणारं क्लोज कपलिंग बसवा. साधी पितळी तार दोन डब्यांत अडकवून फट ६ मिमी ठेवली तर पहिल्याच वळणावर मागचा डबा रुळावरून उतरेल.

गेजबद्दल एक. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओमध्ये १९.३. रूळ मात्र १६.५ चे. समोरून पाहिलं की चाकं आत दबलेली वाटतात. साइडफ्रेम दोन्हीकडे सव्वा ते दीड मिमी बाहेर घेतल्या की डोळ्याला बरं दिसतं. पण त्या कॅटल गार्डच्या (डब्याच्या टोकाखालच्या आडव्या संरक्षक पट्टीच्या) आतल्या बाजूला घासत नाहीत ना, ते बोगी पूर्ण वळवून पाहा.

ऐरोली_लूपलाइन

फार उपयोगी. फ्लोअरची फाइल काढायला घेतली. मोटर टेबलावर तपासली: १२ व्होल्टला रिकामी छान फिरते, पण शाफ्ट दाबून धरला की १.६ अँपिअर घेते. आणि कॅबकडची बोगी चालवताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ आवाज येतो.

घोडबंदर_गेज

‘टक्’ म्हणजे अ‍ॅक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरलाय. गिअर पोलादी अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेला असतो, वर्षानुवर्षं ताण सहन करून हबला चीर जाते. चिरेच्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तो दात दर फेऱ्याला एकदा अडतो. भिंगातून पाहा, केसाएवढी रेघ दिसेल. फेविक्विकने चिकटवायला जाऊ नका, या प्लॅस्टिकला ते धरत नाही. दातांची संख्या, बाहेरचा व्यास आणि भोक मोजून नवा गिअर घाला. एक चिरला असेल तर जोडीचाही बदला.

गिअर बदलला की चाकांची आतली मापं पुन्हा घ्यायची. दोन चाकांच्या पाठीमधलं अंतर १४.४ मिमी. डिजिटल कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा, तिन्ही आकडे जुळले नाहीत तर चाक तिरकं आहे. अंतर कमी पडलं तर चाक पॉइंटच्या चेक रेलवर (चाकाला वाट दाखवणाऱ्या आतल्या रुळावर) चढतं. मागच्या बोगीला नवे व्हीलसेट घेताना अ‍ॅक्सलची लांबीही पाहा: ब्रिटिश ओओ (१:७६) स्केलचे अ‍ॅक्सल २६ मिमीच्या आसपास, युरोपियन एचओचे आखूड. लांब अ‍ॅक्सल कोंबला की बोगी ब्रेक लागल्यासारखी चालते, आखूड घातला तर गळून पडतो.

मोटर बदलाच. १.६ अँपिअर म्हणजे एचओचा नेहमीचा १ अँपिअरचा डिकोडर गाडी कुठे अडकली की जळणार. १२ व्होल्टची बंद डब्याची पाच पोल मोटर घ्या, अडवून धरल्यावर ०.६ ते ०.७ अँपिअरच्या आत. वेग निवडताना हा हिशेब करा. ताशी ८० किमी म्हणजे एचओमध्ये सेकंदाला २५.५ सेमी. ११.७ मिमीच्या चाकाचा घेर ३६.८ मिमी, तेव्हा चाक मिनिटाला ४१७ फेरे फिरलं पाहिजे. शाफ्ट हाताने फिरवत चाकाच्या एका फेऱ्याला किती फेरे लागतात ते मोजा. १२ आले तर मोटरला ५००० फेरे लागतात. रिकामी असताना ८००० च्या आसपास फिरणारी मोटर योग्य. १५००० फेऱ्यांची घेतलीत तर लोकल ताशी २४० किमीने पळेल आणि फलाटावर हळू आणताना झटके देईल.

तुमच्या जुन्या चेसिसमध्ये मोटरचा एक ब्रश बहुधा धातूच्या फ्रेमला टेकलेला असेल. डीसीवर चालतं, डीसीसीवर पहिल्या सेकंदाला डिकोडर जातो. नवा अ‍ॅक्रिलिक फ्लोअर हे निम्मं काम आपोआप करतो, तरी मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही ब्रश आणि आठही चाकं एकेक करून तपासा. कुठेही बीप नको. मग बोगी दोन्ही टोकांपर्यंत वळवून पुन्हा तेच. वळल्यावर टॉवरचा धातू मोटरच्या डब्याला टेकणं हे नेहमीचं कारण.

वायरी: लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, केशरी आणि करडी मोटरला. निळी सगळ्या दिव्यांचा सामाईक प्लस, पांढरी पुढचा हेडलाइट, पिवळी मागचा. प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर. आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर पत्ता वाचून पाहा, नवा डिकोडर ३ दाखवतो. वाचला नाही तर मुख्य ट्रॅकवर नेऊ नका, वायरिंग उघडा.

आता वजन आणि चढ. २३८ मिमीच्या ट्रेलरला १६० ग्रॅम योग्य. मोटर कोच २०० करा, त्यातले १३० चालत्या बोगीवर. धातूच्या चाकाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी धरली तर २६ ग्रॅमची ओढ मिळते. गाडीचं एकूण वजन ५२० ग्रॅम. चाकं मोकळी असतील तर सपाटीवर दहाएक ग्रॅम लागतात, २ टक्के चढाला आणखी दहा. म्हणजे जमतं, पण चढ आणि आर२ एकाच जागी असतील तर चाकं जागच्या जागी फिरतील. चढ सरळ भागात घ्या.

वजनासाठी टायरवाल्याकडच्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटवायच्या वजनपट्ट्या उत्तम. टॉवरच्या भोवती, फ्लोअरला लागूनच लावा. छताला लावल्या तर ४२ मिमीचा डबा १६.५ च्या रुळावर कलंडतो. शिशाच्या गोळ्या वापरायच्या असतील तर फेविकॉलमध्ये भिजवू नका. शिसं त्यात हळूहळू पांढरी पावडर बनून फुगतं आणि काही वर्षांत बॉडी आतून फोडतं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर नकोच, अ‍ॅराल्डाइट वापरा.

सानपाडा_साइडिंग

खिडक्यांच्या काचा शेवटी, आणि त्या फेविकॉलने. फेविक्विकच्या वाफेने काच आतून पांढरी होते, मग ती पुसून निघत नाही. रंगाचं काम दसऱ्यानंतर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे कॅनचा लॅकर दमट हवेत दुधाळ पडतो. तोवर रेझिनची बॉडी भांड्यांच्या साबणाने धुऊन, सपाट काचेवर पालथी घालून ठेवा. एका बाजूवर टेकवून ठेवली तर १.५ मिमीची भिंत आत झुकते, आणि मग २३२ × ३८ चा फ्लोअर मधोमध अडकतो.

ऐरोली_लूपलाइन

बॉडी मोजली, मधोमध आतली रुंदी ३८.४ मिमी, टोकांना ३९. फ्लोअर ३७.८ चा कापायला देतो. गिअर टॉवर २८ × ११ निघाला, खिडकी १९ मिमी ठेवली तर चालेल ना?

कळवा_यार्ड

१९ चालेल. लांबीत ३४ ठेवा, आणि चारही कोपरे २ मिमीने गोल करायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातूनच अ‍ॅक्रिलिक चिरतं.