स्वप्नं बघायला वेळ काढायचा, तो कुणाच्या वाट्याचा?

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ प्रत्येकानं स्वतःसाठी राखून ठेवावी आणि तेवढ्या वेळात एवढाच विचार करावा, की मला आयुष्यात नेमकं काय करायचंय. मोबाईल घरी ठेवायचा. रंकाळ्याला एकट्यानं फेरी मारा, पंचगंगेच्या घाटावर बसा, नाहीतर आपली गच्ची आहेच. जवळ एखादी वही असली तर उत्तम.

नियोजनात आपण कोल्हापूरकर कुठं कमी आहोत? मंडळाची मिरवणूक, पैपाहुण्यांची लग्नं, जोतिबाची यात्रा, पोरांच्या क्लासची फी, सगळं आधीपासून ठरलेलं असतं. पण पुढची दहा वर्षं कशात घालवायची हे बसून ठरवणारी माणसं मला फार थोडी भेटली. शेजाऱ्यानं फ्लॅट घेतला म्हणून फ्लॅट, हप्ते आहेत म्हणून नोकरी, नोकरी आहे म्हणून वेळ नाही. असंच वय निघून जातं, आणि मला हे मनापासून वाईट वाटतं.

याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. सिनेमानं त्यांना झपाटलं आणि स्वतःच कॅमेरा बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. १९१६ साली आनंदराव गेले, काम अर्ध्यावर राहिलं. बाबूरावांनी ते सोडलं नाही. कॅमेरा इथंच तयार झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि कोल्हापूरचं नाव सिनेमाशी जोडलं गेलं. पोटाच्या कामाबाहेरचा विचारच केला नसता तर यातलं काय झालं असतं?

शिरोली फौंड्री

दादा, तुमची तळमळ खरी आहे, पण हे लिहिणाऱ्याला संध्याकाळ कधी असते ते ठाऊक असतं. आमच्याकडं तीन पाळ्या. पाळी आठवड्याला बदलते, आणि एखादा माणूस आला नाही की दुसरी पाळी पण लागून करायला लागते. रात्रपाळी करून आलेला गडी सकाळी झोपतो, दुपारी उठून बँक, रेशन, पोरांची शाळा बघतो. त्याला घाटावर बसा म्हणून सांगणं म्हणजे त्याच्यातच काहीतरी कमी आहे असं सांगणं झालं.

आणि बाबूरावांचं उदाहरण अर्धंच दिलंय तुम्ही. कंपनी उभी करायला गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा घातला. नुसत्या विचारावर काही झालं नाही.

आज आपण रविवारची सुट्टी म्हणतो, ती पण कुणी गच्चीवर बसून मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना गोळा करून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० ला मालक वाकले. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, ती सुद्धा मागून घेतलेलीच. आधी वेळ मागा, मग स्वप्नाचं बघू.

करवीरची लेक

दोघंही बाप्यांच्या हिशोबानं बोलताय. मी बोलते ते ऐका.

आमच्या घरी तीन म्हशी आहेत. पहाटे धार, मग डेअरीला दूध, संध्याकाळी परत तेच. म्हशीला रविवार नसतो. आमचे मालक तालमीत जातात, मंडळात जातात, मित्रांबरोबर कट्ट्यावर बसतात. ते तिथं बसून विचार करू शकतात, कारण इकडं वैरण कुणीतरी टाकलेली असते आणि भाकरी कुणीतरी थापलेली असते. उद्यमनगरकरांनी एक संध्याकाळ राखून ठेवली, तर त्या संध्याकाळचं त्यांचं घरचं काम कुणी केलं, हे पोस्टमध्ये कुठंच नाही.

मला स्वप्न नाही असं समजू नका. मला शिवणकाम वाढवायचंय, मशीन आहे, गिऱ्हाईक आहे. त्याचा विचार मी धार काढतानाच करते. वेगळा वेळ मला मिळत नाही आणि कुणी देत पण नाही.

उद्यमनगरकर

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मी म्हणतोय त्या विचाराची गरज त्यातूनच दिसते. माणूस थांबून बघेल तेव्हाच त्याला कळेल ना, की आपली मोकळीक कुणाच्या राबण्यावर उभी आहे? न थांबणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. तुमच्या मालकांनी कट्ट्यावरची एक संध्याकाळ गप्पांऐवजी या प्रश्नाला दिली, तर दुसऱ्या दिवशी धारेला ते बसतील.

करवीरची लेक

कट्ट्यावर बसून कुणाला धार आठवलेली मी अजून बघितली नाही. धारेला बसल्यावरच धार कळते. आधी काम वाटून घ्या, विचार आपोआप होतो.

अभ्यासिकेतला

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, म्हणून वेगळं बोलतो. आमच्या अभ्यासिकेत स्वप्नांचा तुटवडा नाही. प्रत्येक टेबलावर पोस्टचं नाव चिकटवलेलं आहे. पण यातल्या कितीजणांनी ते स्वतः निवडलं? मामा म्हणाले, गावात सत्कार झालेला बघितला, शेतीला पोरगी देत नाहीत, अशी कारणं. वर्षावर वर्षं जातात आणि थांबून 'हे मला खरंच हवंय का' असं विचारायची भीती वाटते, कारण उत्तर 'नाही' आलं तर घरी काय सांगणार? म्हणून मी उद्यमनगरकरांच्या बाजूनं आहे. फुरसत नसणाऱ्यांचं दुःख मोठं आहेच. पण फुरसत असून न विचारणारे आम्ही हजारोंनी आहोत.

शिरोली फौंड्री

भावा, मी विद्यापीठात 'कमवा आणि शिका'मधून शिकलो. तुझी भीती मला पटते. पण तुला तो प्रश्न विचारायला घरचा डबा येतोय, तेवढं ध्यानात ठेव.

भोगावतीकाठ

वेळ म्हणजे पाटाचं पाणी. वरच्या अंगाच्यानं दार मोठं उघडलं की टोकाचं रान कोरडं. मी ऊस करतो, मोटरीला रात्रीची लाईट असली की आठवडाभर रात्री रानात. त्या वेळात विचार भरपूर होतो, कुणी अडवत नाही. तरी मी फौंड्रीवाल्यांच्या बाजूचा. विचार करून मी काय ठरवणार? कारखाना तोड कधी देणार ते माझ्या हातात नाही, दर माझ्या हातात नाही.

फक्त एक सांगतो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी मनात आणलं, काम सुरू केलं, आणि ते पुरं व्हायच्या आधी १९२२ ला महाराज गेले. आज माझ्या उसाला ते पाणी आहे. राजा होता म्हणून जमलं, हे खरं. पण आपल्या हयातीपलीकडचं कुणीतरी योजलं, म्हणून माझं रान भिजतंय. त्यामुळं 'विचार करून काय होणार' हे वाक्य मला पुरतं म्हणवत नाही.

शिरोली फौंड्री

मग उद्यमनगरकरांना मी सरळच विचारतो. तुमचं वर्कशॉप आहे असं तुमच्या जुन्या धाग्यांवरून दिसतं. तुमच्या पोरांना पुढच्या महिन्याची पाळी महिनाभर आधी कळते का? ठरलेली सुट्टी तुम्ही ऐनवेळी मोडता का? ज्याला उद्याची पाळी आज रात्री कळते, तो कसलं आयुष्य ठरवणार? तुमची वही बाजूला ठेवा आणि हे आधी करा.

उद्यमनगरकर

महिनाभर आधी कळत नाही. ऑर्डर येईल तशी पाळी लागते. पण पाळीचा तक्ता आधी लावणं आणि सुट्टी न मोडणं माझ्या हातात आहे, ते पुढच्या महिन्यापासून करतो. घाईची ऑर्डर आलीच तर थांबायचं की नाही हे ज्याचं तो ठरवेल, आणि थांबला तर दुप्पट पगार.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. सुट्टी पक्की झाल्यावर ती कशात घालवायची, हा प्रश्न उरतोच. तो मालक सोडवू शकत नाही, युनियनही नाही.

करवीरची लेक

तक्ता लावाल तेव्हा पोरांच्या घरी पण एक प्रत पाठवा. बायकोला सुट्टी आधी कळली, तर त्या दिवशी धार कुणी काढायची ते ती सांगेल.