मदत हवी आहे : ऑडिट रिपोर्टमधला शेरा काढा म्हणतात, करारात गोपनीयतेचं कलम आहे

साईटवाला
नमस्कार. जरा लवकर उत्तर द्या, सोमवारी रिपोर्ट द्यायचा आहे. मी नागपुरात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरी करतो. एका बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी केली, रिझल्ट वाईट आले. शेवटच्या पानावर मी लिहिलं, "तातडीने टेके द्यावेत, तोवर वापर थांबवावा." बिल्डिंगचा मालक म्हणतो ते वाक्य काढा, "दुरुस्ती सुचवली आहे" एवढंच ठेवा. आमचे सर, म्हणजे कन्सल्टंट, म्हणतात क्लायंटचं ऐका आणि बाहेर कुठे बोलू नका, करारात गोपनीयतेचं कलम आहे. हे कलम मला लागू होतं का? कुणाला सांगितलं तर माझ्यावर केस होईल का? हो की नाही एवढंच सांगा.

बीम_कॉलम
हो की नाही असं उत्तर यात नाही. बिल्डिंग किती मजली, किती जुनी, आत कोण असतं, रिपोर्टवर सही कुणाची? आणि वाईट म्हणजे किती वाईट? नुसतं "वाईट" कुठल्याही जुन्या बिल्डिंगला म्हणता येतं.

कोराडीकर
भाऊ, नोकरी सोडून दे. मी असल्याच कारणावरून सोडली होती, आज स्वतःचं काम करून राहिलो. सही करणारा फसतो, मालक कधीच फसत नाही.

बीम_कॉलम
कोराडीकर, त्याने नोकरी सोडून बिल्डिंगला टेके लागणार आहेत का?

साईटवाला
तळघर अधिक तळमजला अधिक तीन. 1990 च्या आसपासची. ड्रॉइंग मिळालं नाही. सही सरांची, लायसन्स त्यांचं आहे. साईटवरचं सगळं काम माझं.
तळघरातल्या तीन कॉलमचे कोअर, म्हणजे काँक्रीटचे नमुने, काढले. त्यांची ताकद (क्यूब स्ट्रेंग्थ) 11.4, 9.6 आणि 12.6 न्यूटन प्रति चौ. मिमी आली. यूपीव्ही, म्हणजे काँक्रीटमधून अल्ट्रासोनिक पल्स जाण्याचा वेग, बहुतेक ठिकाणी सेकंदाला 3 किमीच्या खाली. फिनॉल्फ्थॅलीन मारलं तर सळईपर्यंत गुलाबी रंग आलाच नाही, म्हणजे कार्बोनेशन होऊन काँक्रीटचं सळईला गंजापासून वाचवणं संपलंय. सी-7 कॉलमवर पीओपी करून ऑइलपेंट मारला होता. तो खरवडला तर कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, हातात आलं. उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या आतल्या रिंगा काही ठिकाणी उरल्याच नाहीत, जिथे आहेत तिथे बोटाने मोडतात. उभ्या सळ्या फुगून बाहेर झुकल्या आहेत.

अल्ट्रासोनिक
रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटच्या वरच्या थराचा कडकपणा मोजणारा हातोडा, मारला होता का? कार्बोनेशन झालं की वरचा थर कडक होतो आणि हॅमरचा आकडा उगाच चांगला दिसतो. मालक तोच आकडा पुढे करेल. यूपीव्हीचे "डाउटफुल" वगैरे गट जुन्या आयएस 13311 या मानकातले, आता ते काम आयएस 516 च्या भाग 5 कडे गेलं आहे. रिपोर्टमध्ये जुना नंबर लिहिला असेल तर आधी दुरुस्त करा, नाहीतर समोरचा त्यावरूनच अख्खा रिपोर्ट मोडीत काढेल. शिवाय ओल्या काँक्रीटमध्ये पल्स जोरात जाते, म्हणजे तळघर ओलं असेल तर खरी स्थिती आकड्यापेक्षाही वाईट.

बीम_कॉलम
1990 ची असेल तर डिझाईन एम 15 वर, म्हणजे 15 ताकदीच्या काँक्रीटवर, असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा आरसीसीच्या आयएस 456 या मानकाची 1978 ची आवृत्ती चालू होती. आरसीसीला किमान एम 20 हे 2000 च्या आवृत्तीत आलं. म्हणून एम 20 ची फूटपट्टी लावू नका, मालकाचा इंजिनिअर तिथेच धरेल. एम 15 धरून बघा. कोअरची सरासरी 85 टक्के म्हणजे 12.75 हवी, एकही कोअर 75 टक्क्यांच्या म्हणजे 11.25 च्या खाली नको. तुमची सरासरी 11.2 आणि एक कोअर 9.6. दोन्हीकडे नापास. ही अट नव्या कामासाठी आहे हे खरं, पण अंदाज यायला पुरेशी आहे. आणि खरं सांगायचं तर सी-7 चं जे वर्णन केलं आहे त्यापुढे आकड्यांची गरजच नाही. रिंगा गेलेल्या कॉलममध्ये उभ्या सळईला बाकण्यापासून धरून ठेवणारं काही उरत नाही. ती बाहेर झुकू लागली आहे म्हणता, म्हणजे तेच सुरू झालंय.
पण वापर काय ते अजून सांगितलं नाही.

साईटवाला
खाली दुकानं आहेत. वर क्लासेस.

मुक्ता_धरमपेठ
क्लासेस? म्हणजे मुलं? हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! किती मुलं असतात एका वेळी?

साईटवाला
दुसरा आणि तिसरा मजला. संध्याकाळी जिना भरलेला असतो. मला वाटलं प्रश्न कराराचा आहे, वापराचा नाही.

झिरो_माईल
सीताबर्डीतली का? मेट्रोच्या बाजूला एक आहे, खाली मोबाईलची दुकानं, वर नीटचे क्लास. फोटो टाका, लगेच सांगतो. व्हॉट्सॲपवर फिरवलं की दोन तासांत रिकामी होईल.

वकील_सिव्हिल_लाईन्स
झिरो_माईल, कृपया अंदाज बांधू नका. साईटवाला, फोटो अजिबात टाकू नका. चुकीच्या बिल्डिंगचं नाव फिरलं तर तिथले दुकानदार बुडतील, बरोबर नाव फिरलं तर बदनामीची नोटीस तुम्हाला येईल आणि मालकाला बोलायला विषय मिळेल.
आता कराराचं. वकील आणि अशिलातलं बोलणं कायद्याने संरक्षित आहे, आधी पुराव्याच्या कायद्यात होतं, आता 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. इंजिनिअरला तसं संरक्षण नाही. उद्या काही झालं तर "ते गोपनीय होतं" असं तुम्हाला किंवा तुमच्या सरांना कोर्टात म्हणता येणार नाही. दुसरं, 1872 च्या करार कायद्याचं कलम 23. ज्या कराराचा हेतू बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध आहे तो करार रद्दबातल. मालकाचे भाडेकरार, किंमत, विक्रीची बोलणी, ड्रॉइंग हे गोपनीय, ते तुम्ही बाहेर बोलायचं नाही. कॉलम पडायच्या बेतात आहे ही गोष्ट त्या कलमाखाली झाकता येईल असं मला वाटत नाही. पण मी करार वाचलेला नाही. करार कुणाकुणात झाला आहे? तुमची सही आहे का त्यावर?

साईटवाला
करार फर्म आणि मालकात. माझ्या नेमणूकपत्रात वेगळी ओळ आहे, कामाची माहिती बाहेर द्यायची नाही म्हणून.

ऑरेंज_सिटी
ऑडिटला किती घेता? आमच्या सोसायटीला एकाने स्क्वेअर फुटावर दर सांगितला, दुसऱ्याने ठोक. जीएसटी वेगळा द्यावा लागतो का?

कोराडीकर
इंजिनिअर सत्येंद्र दुबे आठवा. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून लिहिलं, आणि ते पत्र नावासकट खात्याखात्यांत फिरलं. 2003 मध्ये गयेत गोळी घातली. म्हणून म्हणतो, सोड आणि गप राहा. पत्र लिहिलं म्हणूनच मारलं त्याला.

निवृत्त_उपअभियंता
कोराडीकर, अर्धी गोष्ट सांगून पोराला घाबरवू नका. सीबीआयने तो लूटमारीतला खून म्हणून खटला चालवला आणि 2010 मध्ये तिघांना शिक्षा झाली. त्यावर अनेकांचा विश्वास नाही हेही खरं. पण नाव गुप्त ठेवा म्हटलेलं असताना ते फुटलं, ही गोष्ट निर्विवाद आहे, आणि धडा घ्यायचा तो त्यातून : गुप्त तक्रारीवर भिस्त ठेवू नका. 2014 मध्ये व्हिसलब्लोअर संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण तो लागूच केला नाही, आणि तसाही तो सरकारी कारभारापुरता आहे. तेव्हा उघड, कागदोपत्री, स्वतःच्या अधिकारात जेवढं बसतं तेवढं करा.
साईटवाला, मी नोकरीत असताना असे रिपोर्ट टेबलावर आले आहेत. "दुरुस्ती सुचवली आहे" या ओळीवर कुणी उठून जागेवर जात नाही. "वापर थांबवा" दिसलं की जावं लागतं. मालकाला नेमकं तेच वाक्य का नको आहे ते समजून घ्या. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या इमारतीला 23 एप्रिल 2013 ला तडे दिसले, इंजिनिअरने धोका सांगितला, खालची दुकानं आणि बँक बंद झाली, पण वरच्या कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी कामगारांना बोलावलं आणि इमारत कोसळली. अकराशेच्या वर माणसं गेली. कॅनडात एलियट लेकचा मॉल 2012 मध्ये कोसळला, त्याआधीच्या तपासणीत इंजिनिअरने मालकाच्या सांगण्यावरून गळतीचा उल्लेख आणि एक फोटो रिपोर्टमधून काढला होता. दोन बाया मेल्या. फौजदारी खटल्यातून तो इंजिनिअर सुटला, पण चौकशी आयोगापुढे त्याला या बदलाचा जबाब द्यावा लागलाच.
तुम्ही असं करा. आज रात्रीच सरांना मेल करा. आकडे, फोटो, तारीख, आणि "हे वाक्य काढणं मला मान्य नाही" एवढं. रागाचा शब्द नको. त्यात विचारा की मालकाला टेक्यांचं पत्र फर्मच्या लेटरहेडवर उद्याच जाईल का. लायसन्स सरांचं आहे आणि ते महापालिकेने दिलेलं आहे, ही गोष्ट त्यांना तोंडी सांगा, मेलमध्ये धमकीसारखी लिहू नका.

बीम_कॉलम
काका, तुमचा आदर आहे, पण मेल आणि पत्रं करत बसलो तर मध्ये दोन संध्याकाळ क्लास भरतील. थेट महापालिकेच्या झोन ऑफिसला कळवावं. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 मध्ये धोकादायक इमारतीची नोटीस काढता येते, रिकामी करायला लावता येते.

निवृत्त_उपअभियंता
कळवू नका असं मी म्हटलेलं नाही. मुदत द्या, ती तासांत द्या. पण आधी लायसन्सधारकाला संधी हवी. सरांच्या सहीने गेलेल्या पत्रावर झोन ऑफिस चोवीस तासांत हलतं, नोकरी करणाऱ्या मुलाच्या अर्जावर "माहिती मागवली" असा शेरा पडतो. आणि बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची आहे. अशा इमारतीचं प्रमाणपत्र कलम 265-अ खाली महापालिकेला द्यायचंच असतं. म्हणजे हा रिपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवण्यासाठी नाहीच. सरांना हे आठवण करून द्या, अर्धं काम होईल.

अंबाझरीकर
तळघर म्हणालात म्हणून विचारतो, 2023 च्या सप्टेंबरातल्या पुराचं पाणी शिरलं होतं का? आमच्याकडे नाल्याकाठच्या सगळ्या तळघरांत शिरलं होतं. अंबाझरी तलावाचं काय ते मनपाने अजून...

अल्ट्रासोनिक
अंबाझरीकर, तलावाचा वेगळा धागा आहे. पण प्रश्न कामाचा आहे. पुराच्या पाण्याने एका वर्षात रिंगा खाल्ल्या जात नाहीत, हे वर्षानुवर्षांचं आहे. मालक पुरावर ढकलू शकतो, म्हणून कार्बोनेशनची खोली मिलिमीटरमध्ये लिहा.

साईटवाला
पाणी शिरलं होतं, वॉचमन सांगत होता. काल रात्री मेल केला. सर आधी चिडले, म्हणाले दहा वर्षांचा क्लायंट आहे. मी 265-अ ची प्रिंट टेबलावर ठेवली. मग त्यांनी सी-7 चे फोटो पुन्हा नीट पाहिले. एका गोष्टीवर अडलंय, मालक म्हणतो टेके लावतो पण क्लास चालू ठेवतो, महिनाअखेर परीक्षा आहेत. ते चालेल का?

बीम_कॉलम
टेके कशावर उभे करणार? तळघराच्या फरशीखाली काय आहे ते बघितलंय का? नुसते जॅक उभे करून वर मुलं बसवणं चालणार नाही. भार पायापर्यंत नेता आला पाहिजे आणि तेवढ्यात वरचा भार कमी झाला पाहिजे. परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये होतील.

मुक्ता_धरमपेठ
माझी मुलगी अशाच एका क्लासला जाते. मालकाला परीक्षेचं सांगणाऱ्या कुणाच्याही घरी विचारा, हॉल बदलायला एकही आईबाप नाही म्हणणार नाही.

वकील_सिव्हिल_लाईन्स
क्लासवाल्यांना तुम्ही स्वतः सांगायला जाऊ नका, ते पत्र मालकाकडून किंवा पालिकेकडून जाऊ द्या. मालकाच्या उत्तराची वाट बघण्याची वेळ पत्रातच लिहा. आणि साईटवरची डायरी, मूळ फोटो, कोअरच्या लॅबच्या पावत्या यांची प्रत स्वतःजवळ असावी, पण ती फर्मची मालमत्ता आहे, म्हणून सरांना विचारून घ्या.

साईटवाला
सरांनी पत्रावर सही केली. वाक्य जसंच्या तसं आहे, "क्लासेसचा वापर तात्काळ बंद" हेही घातलं. मालकाला उद्या दुपारी 12 पर्यंतची वेळ, प्रत झोन ऑफिसला. आवक शिक्का सकाळी किती वाजता मिळतो? दहाला उभा राहू का?

निवृत्त_उपअभियंता
दहाला खिडकी उघडते. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तिथून थेट उपअभियंत्यांना भेटा आणि सी-7 चा फोटो दाखवा. कागद वाचायला वेळ लागतो, फोटोला लागत नाही.