रेटिंग म्हणजे मानांकन की गुणांकन? (आणि एक घोडचूक)

अडीचघर:
आमच्या सोसायटीत गणपतीत बुद्धिबळ स्पर्धा असते. यंदा पत्रक मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका ओळीपाशी अडलोय: 'फिडे रेटिंग १६०० च्या वर असणाऱ्यांनी खुल्या गटातच खेळावे.' फिडे म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, आणि रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. या रेटिंगच्या जागी काय लिहू? पेपरात 'मानांकन' दिसतं, कुठे कुठे 'गुणांकन'. दोन्ही एकच का? शिवाय ब्लंडर आणि पझल यांनाही धड शब्द हवेत.

वजीरवाडा:
मानांकन नको. क्रीडापानाने या एका शब्दावर तीन ओझी टाकली आहेत. बटुमीला २०२५ चा महिला विश्वचषक जिंकलेली नागपूरची दिव्या देशमुख तिथे १५ वी मानांकित होती. हे त्या स्पर्धेपुरतं मानांकन, म्हणजे सीडिंग: स्पर्धेआधी ताकदीप्रमाणे लावलेला क्रम. 'जागतिक मानांकनात चौथा' असं छापतात तेव्हा त्यांना क्रमवारी म्हणायचं असतं. आणि 'मानांकन २७००' लिहितात तेव्हा रेटिंग. तुमच्या पत्रकात '१६०० च्या वर मानांकन' वाचून एखादे आजोबा विचारतील, एवढे खेळाडू येणार कुठून?

अडीचघर:
मग गुणांकन?

वजीरवाडा:
मी तेच लिहितो.

काळी_सोंगटी:
मला गुणांकनही खटकतं. बुद्धिबळात 'गुण' आधीच कामाला लावलेला आहे. जिंकलं की एक, बरोबरीत अर्धा. '९ फेऱ्यांत साडेसहा गुण' आपण रोज म्हणतो. हे गुण मिळवलेले असतात, साठतात, कुणी काढून घेत नाही. रेटिंग तसं नाही. ते अंदाज असतं. अर्पाद एलो या अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन वंशाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ही पद्धत बसवली आणि फिडेने ती १९७० मध्ये घेतली. तिचा गाभा असा की दोघांमधल्या फरकावरून निकालाची अपेक्षा काढायची. फरक २०० चा असेल तर वरच्याने १०० डावांत साधारण ७६ गुण काढायला हवेत. अपेक्षेपेक्षा जास्त काढले की रेटिंग चढतं, कमी काढले की उतरतं. म्हणून तर दुबळ्याशी बरोबरी झाली की अर्धा गुण मिळूनही रेटिंग घसरतं! गुण मिळाला आणि गुणांकन घटलं, हे मुलांना कसं समजावणार?

जाता जाता: एलो हे आडनाव आहे. इंग्रजीत सगळी अक्षरं मोठी (कॅपिटल) करून लिहितात आणि मग कसली तरी आद्याक्षरं असावीत असं लोकांना वाटतं.

वजीरवाडा:
मुद्दा पटला, पण 'गुण'चा अर्थ अंगचा गुण असाही आहेच की. त्या अर्थाने गुणांकन चालावं.

काळी_सोंगटी:
अंगचा गुण म्हणाल तर १ मार्च २०२४ आठवा. फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एका फटक्यात वर उचलली. २००० ला जितके कमी पडतात त्याच्या ४० टक्के भर. म्हणजे १२०० वाला सकाळी उठला तो १५२० चा होऊन. अंगचे गुण रात्रीत वाढले होय? आकडा नुसता इतरांच्या तुलनेत असतो.

रात्रीचा_ब्लिट्झवाला:
ऑनलाइनचं तर विचारूच नका. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं काढलं की १५०० हातात. तिथली पद्धत ग्लिको-२, एलोची पुढची पिढी म्हणा. आकडा किती भरवशाचा तेही ती मोजते. डाव कमी झाले असले तर रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह लागतं. आमच्या ग्रुपवर त्याला 'कच्चं रेटिंग' म्हणतात, कच्च्या लायसन्ससारखं. डाव खेळत गेलं की पक्कं होतं. हा शब्द कुणी ठरवून केलेला नाही, आपसूक आला. 'कच्चं मानांकन' किंवा 'कच्चं गुणांकन' कोणी म्हणेल का? म्हणून माझं मत, रेटिंगच ठेवा. आणि कुठलं ते लिहा. लिचेसचं १६०० आणि फिडेचं १६०० हे एक नव्हे. माझं तिथलं सांगून मी क्लबात भाव खाल्ला होता, पहिल्याच रविवारी उतरला.

अडीचघर:
बरं, 'फिडे रेटिंग'च ठेवतो. ब्लंडर?

काळी_सोंगटी:
घोडचूक! तयार शब्द आहे. मात्र पटावरच्या घोड्याशी संबंध जोडू नका. इथला 'घोड' म्हणजे वाजवीपेक्षा मोठं, घोडनवरीतला. वजीर फुकट दिला तरी घोडचूकच. घोडा दिला तर जरा जास्त शोभते, इतकंच.

रात्रीचा_ब्लिट्झवाला:
पझलला सरळ 'कोडं'. मुलांना कळतं.

वजीरवाडा:
इथे मी थोडा अडून बसतो. कोडं कुणीतरी रचलेलं असतं, उत्तर लपवून. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळाचं पुस्तक छापलं गेलं, त्यातल्या मांडण्या अशा रचलेल्या. लिचेसवरची पझल्स लोकांनी खेळलेल्या डावांतून यंत्राने वेचलेली असतात. तिथे कुणी काही लपवलेलं नाही, समोरच्याने घोडचूक केली आणि तुम्हाला ती दिसते का एवढाच प्रश्न. शिवाय त्या पझललाही रेटिंग असतं. तुम्ही चुकलात की तुमचं उतरतं, त्याचं चढतं. कोडं तुम्हाला हरवतं म्हणा ना.

काळी_सोंगटी:
फरक खरा, पण दुसरा शब्द कशाला? रचलेलं असेल तर 'रचना' म्हणा, डावातलं असेल तर 'कोडं'. पत्रकात 'पांढऱ्याची खेळी, दोन खेळींत मात' एवढं छापलं तरी कोडं आहे हे कळतं.

रात्रीचा_ब्लिट्झवाला:
'खेळी' म्हटलं की आमच्या पोरांना शतकी खेळी आठवते. 'चाल' म्हणा.

वजीरवाडा:
चाल चालेल. मात्र पत्रकात 'मात दिली' लिहू नका, ते हिंदीतून आलंय. मराठीत 'अमक्याने तमक्यावर मात केली'. शहाचं उलट. 'शह देणे' आपल्याकडे राजावर मारा आणणे. हिंदीत 'शह देना' म्हणजे फूस लावणे. सोसायटीत हिंदी भाषक असतील तर 'शह दिला' वाचून भलताच गैरसमज व्हायचा.

अडीचघर:
आभार मंडळी. मसुदा असा: 'फिडे रेटिंग १६०० च्या वर असणाऱ्यांनी खुल्या गटातच खेळावे. ऑनलाइन रेटिंग धरले जाणार नाही. कोडी सोडवण्याची वेगळी फेरी: पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.' कॅसलिंगला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याला, 'किल्लेकोट' टाकलं. आँ पासाँ तेवढं राहिलंय.

काळी_सोंगटी:
शेजारून दोन घरं निसटणाऱ्या प्याद्याला वाटेतच गाठून मारायचं. 'वाटमारी' लिहा. कोशात या अर्थाने सापडणार नाही, पण एकदा सांगितलं की पोरं नियम विसरणार नाहीत.