क्लासिकल मेकॅनिक्सचा फायनल पेपर : तुमचे अनुभव

सांजवात
भाचीचा परवा क्लासिकलचा पेपर. काल रात्री तिचा फोन, "मावशी, फिरत्या रिंगवरचा मणी सांग ना." कागद ओढला आणि सगळं आठवत गेलं. उभ्या व्यासाभोवती फिरणारी रिंग, गतिज ऊर्जेचे दोन भाग, त्यातून स्थितिज ऊर्जा वजा, म्हणजे लॅग्रांजियन. कोनीय वेगाचा वर्ग जी (गुरुत्वीय त्वरण) भागिले आर (रिंगची त्रिज्या) याहून कमी असेल तोवर मणी तळाशी स्थिर. हद्द ओलांडली की तळ अस्थिर, मणी वर सरकून एका बाजूला ठरतो. इतकी वर्षं झाली, तरी तोच आनंद! तुम्ही कशी तयारी केलीत? लिहा, तिला वाचायला देणार आहे.

पाणकोंबडा
आधी कोऑर्डिनेट, म्हणजे वस्तूची जागा सांगणारे आकडे. बंधनं किती, डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे हलायच्या वाटा) किती, हे समासात लिहिल्याशिवाय आमचे सर पुढे जाऊच द्यायचे नाहीत. फार उपयोग झाला त्याचा. बस आली, बाकीचं नंतर.

रानजाई
डबल पेंड्युलम, एका लंबकाला टांगलेला दुसरा लंबक!!! दुसऱ्या गोळ्याच्या वेगाच्या वर्गात दोन कोनांच्या फरकाची कोसाइन टर्म येते, ती सुटली की खालचं सगळं गेलं. मी आणि मैत्रीण एकमेकींना रोज तेवढंच लिहायला लावायचो, बाकी गणित नाही.

अनंत_फंदा
सांजवातताई, त्याच मण्यावर भाचीला पुढचा प्रश्न विचारा. हॅमिल्टोनियन (लॅग्रांजियनवरून काढलेली, बहुतेक वेळा एकूण ऊर्जेइतकी भरणारी राशी) अक्षय्य आहे का? आहे, कारण त्यात काळ उघडपणे येत नाही. पण ती एकूण ऊर्जा नाही! रिंग ठरावीक वेगाने फिरती ठेवायला मोटर ऊर्जा देते-घेते. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

मोरपंखी
माझं बाळ तान्हं होतं तेव्हा. त्याला मांडीवर घेऊन केप्लर (ग्रहांच्या कक्षांचं गणित) केला, एका हाताने पानं उलटत. त्यातला इफेक्टिव्ह पोटेन्शियलचा (स्थितिज ऊर्जेत फिरण्याचा वाटा मिळवून येणारा) आलेख अजून डोळे मिटून काढते.

रानजाई
मोरपंखी, मिठी गं. बाळ आता केवढं?

मोरपंखी
कॉलेजात! कॉमर्स 😄

पाणकोंबडा
पोचलो. जाड पुस्तकाला रबरबँड लावून हवेत फिरवून बघा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या जडत्वाच्या अक्षाभोवती नीट फिरतं, मधल्या अक्षाभोवती कोलांटी मारतं. सोव्हिएत अंतराळवीर झानिबेकोव्हला 1985 मध्ये अवकाशात एका नटमध्ये हेच दिसलं होतं. ऑयलरची समीकरणं (फिरत्या घन वस्तूची) मला तिथून कळली, पाठ करावी लागली नाहीत.

सांजवात
किती छान लिहिताय सगळे. भाची आता स्मॉल ऑसिलेशनवर (छोट्या आंदोलनांवर) अडलीय. दोन सारखी वस्तुमानं, तीन सारख्या स्प्रिंगा, बाहेरची टोकं भिंतींना. वारंवारता काढायचा डिटरमिनंट सुटतो पण पटत नाही म्हणते.

अनंत_फंदा
डिटरमिनंट बाजूला ठेवायला सांगा. दोन्ही एका दिशेने सारखी हलली तर मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही, म्हणून कोनीय वारंवारतेचा वर्ग के (स्प्रिंगचा कडकपणा) भागिले एम (वस्तुमान). विरुद्ध हलली तर मधली दुप्पट ताणली जाते, बाहेरची एकपट, म्हणून तीन के भागिले एम. आता मधली स्प्रिंग दुप्पट कडक करून तिलाच काढू द्या.